ग्रंथदानाचा अधिकार



देणाऱ्याचे मन कितीही मोठे असो, वस्तू त्याची नसेल तर ते दान होत नाही. शेजाऱ्याच्या खळ्यातले धान्य उचलून कोणी अन्नछत्र घातले तर जेवणारे तृप्त होतील, पण पुण्य कोणाच्या पदरी पडेल हे सांगावयास पंडित लागत नाही. ही गोष्ट आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. परंतु सांगणे निराळे आणि अंगावर येणे निराळे. ती आमच्या अंगावर कशी आली, आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज मांडावयाचे आहे. आपल्या संप्रदायातील टीपा, चरित्रे, प्रवचने मुक्त ज्ञानकोशास द्यावीत अशी इच्छा हल्ली पुष्कळ तरुण मंडळींस होते. ती इच्छा चांगली आहे. पण तिला विचाराची जोड हवी.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची रीत आहे. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. पहिल्या तीन गोष्टींत आम्ही कोठे अडखळलो नाही. अडखळलो ते चौथीपाशी.

विषय

विकिपीडिया या नावाचा ज्ञानकोश २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी निघाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाप्रमाणे येथे एक संपादक आणि त्याचे मंडळ असा प्रकार नाही. ज्यास लिहिता येते त्या कोणीही लिहावे, दुसऱ्याने ते दुरुस्त करावे, तिसऱ्याने आधार जोडावा, अशी रीत आहे. वाचणाऱ्यास पैसा पडत नाही आणि लिहिणाऱ्यास पैसा मिळत नाही.

येथवर ऐकून वारकऱ्यास वाटते की हे तर आपल्यासारखेच झाले. दिंडीत कोणी वीणा घेतो, कोणी पाणी वाहतो, कोणी स्वयंपाकाचे भांडे घासतो. पण दिंडीलाही शिस्त असते. त्या कोशाचीही एक कडक शिस्त आहे, ती ही: दुसऱ्याचे लेखन, त्याच्या रीतसर परवानगीवाचून, जसेच्या तसे येथे आणावयाचे नाही.

घडलेली गोष्ट

आमच्या पाठशाळेत चार वर्षे राहून गेलेला एक विद्यार्थी पुण्यास नोकरीला आहे. मुलगा श्रद्धाळू आणि उद्योगी. आमच्या परमगुरूंनी, म्हणजे आमच्या गुरूंच्या गुरूंनी, हरिपाठावर टीपा लिहून ठेविल्या होत्या. परमगुरू १९६२ साली वैकुंठवासी झाले. त्यांच्या वह्यांवरून फडाच्या मंडळींनी १९७१ साली एक लहान पुस्तक छापले. ते आता मिळत नाही. मुलाने त्यातील अकरा पाने रात्री जागून टंकित केली आणि त्या कोशातील लेखात घातली. तीन दिवसांत ती तेथून काढली गेली.

कार्तिकीला तो पंढरपुरास आमच्या राहुटीत आला. डोळ्यांत पाणी होते. म्हणाला, "महाराज, आपल्या संप्रदायाचं तिथं काही ठेवतच नाहीत."

आमचे वय साठीच्या पुढे, स्वभाव तापट. चौकशी न करता आम्ही रात्रीच्या कीर्तनात चार कठोर शब्द बोललो. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. ही आमची पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडून आम्ही पाने काढणाऱ्याने लिहिलेला निरोप वाचून घेतला. त्यात संप्रदायाविषयी एक अक्षर वाकडे नव्हते. एवढेच विचारले होते की हा मजकूर छापील पुस्तकातला दिसतो. त्याच्या स्वामीची परवानगी आहे काय?

आम्ही म्हणालो, "एवढंच ना? आण कागद." आणि फडाच्या छापील कागदावर लिहून दिले की सदर टीपा आपल्या कोशापुरत्या वापरण्यास आमची परवानगी आहे, मात्र कोणी त्यांची विक्री करू नये. खाली सही केली. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. कारण या दोन ओळींच्या कागदात तीन दोष होते. ते पत्र स्वीकारले गेले नाही. ते का, हे समजून घेण्यात आमचा सबंध हिवाळा गेला.

अधिकारी कोण?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजापुढे येणाऱ्या अठरा विवादांची नावे आहेत. त्यांपैकी चार येथे उपयोगी पडतात: निक्षेप, अस्वामिविक्रय, संभूयसमुत्थान आणि दत्तानपकर्म. निक्षेप म्हणजे विश्वासाने ठेविलेली ठेव. अस्वामिविक्रय म्हणजे आपली नसलेली वस्तू विकणे. संभूयसमुत्थान म्हणजे अनेकांनी मिळून चालविलेला व्यवहार. दत्तानपकर्म म्हणजे दिलेले परत घेण्याचा वाद. शब्द जुने आहेत. व्यवहार आजचाच आहे.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १९५७ सालचा लेखनस्वामित्वाचा कायदा, ज्यास हल्ली प्रताधिकार कायदा म्हणतात, त्याचे सार असे. जो लिहितो तो आपल्या लेखनाचा पहिला स्वामी. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. लिहिले की स्वामित्व जन्मास आले. लेखकाच्या हयातीत छापलेल्या ग्रंथावर हे स्वामित्व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. १९९२ साली ती वाढली. मोजणी मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून होते.

ज्ञानेश्वरी, भागवत, गाथा यांचे मूळ शब्द सर्वांचे आहेत. त्यांस परवानगी लागत नाही. वै. विष्णुबुवा जोग १९२० साली गेले. त्यांनी हयातीत छापलेले लेखन केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ च्या आरंभी मोकळे झाले. परंतु वै. सोनोपंत दांडेकर १९६८ साली गेले. म्हणून त्यांच्या लेखनावरील स्वामित्व २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. विनोबाजी १९८२ साली गेले. तेथे २०४२ ची अखेर. तात्पर्य, मूळ ओवी मोकळी असली तरी तिच्याखाली छापलेला अर्थ मोकळा असतोच असे नाही. पुष्कळांची फसगत येथेच होते.

आमच्या विद्यार्थ्याने हिशेब बरोबर केला होता. परमगुरू १९६२ साली गेले, २०२२ च्या अखेरीस साठ वर्षे भरली, मग अडचण कसली? अडचण अशी की त्या टीपा परमगुरूंच्या हयातीत छापल्या नव्हत्या, की कोणापुढे वाचल्याही नव्हत्या. जे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होते त्याची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, प्रसिद्धीपासून मोजतात. पुस्तक १९७१ चे. म्हणून स्वामित्व २०३१ च्या अखेरपर्यंत.

मग स्वामी कोण? आम्ही? आम्ही त्या परंपरेचे शिष्य. शिष्याकडे विद्या येते, गादी येते, वीणा येते. लेखनाचे स्वामित्व येत नाही. ते मृत्युपत्राने वा वारशाने जाते, किंवा स्वामीने लेखी करून दिले तर जाते. फडाची मंडळी? त्यांनी छापले, खर्च केला, पण लेखी करार केलेला कोठे आढळला नाही. छापणारा तेवढ्याने स्वामी होत नाही. राहिले परमगुरूंचे वारस. म्हणजे आम्ही सही केली तो सरळ अस्वामिविक्रय होता. विक्रय शब्दाने कोणी बिचकू नये; फुकट दिले तरी दोष तोच.

निक्षेप

परमगुरूंचे दोन्ही पुत्र आता नाहीत. तीन नातवंडे आहेत. थोरली नात परभणीकडे एका गावी असते. माघात आम्ही तिच्या घरी गेलो. चहा झाला, विषय निघाला. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बुवा, आजोबांच्या वह्या तुमच्याकडंच आहेत का हो?"

वाचकहो, त्या प्रश्नाने आम्हांस घाम फुटला. वह्या आमच्याकडेच होत्या. आमच्या गुरूंची दृष्टी गेली तेव्हा त्यांनी पाच वह्या बासनात बांधून आमच्या हाती दिल्या होत्या. चाळीस वर्षे आम्ही त्या देव्हाऱ्याशेजारी ठेविल्या, दसऱ्याला त्यांची पूजा केली, आणि एकदाही मनात आले नाही की ज्यांच्या घरचे हे धन आहे त्यांस कळवावे. आम्ही त्यास गुरुप्रसाद समजत होतो. ती ठेव होती.

"होय ताई, आमच्याकडेच आहेत," आम्ही म्हणालो.

ती म्हणाली, "मी लहान होते तेव्हा ते अंगणात बसून लिहायचे. मला वाटलं, वह्या गेल्या कुठंतरी पुरात." एवढे बोलून ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या खेपेस आम्ही पाचही वह्या नेऊन तिच्या ओटीत घातल्या. परवानगीचे तिने भावांना विचारले. मधला भाऊ तयार झाला. धाकटा सुरतेस असतो. त्याने नकार कळविला. त्याचे म्हणणे असे की आजोबांनी हयातीत वह्या कोणाला दाखविल्या नाहीत, छापताना घरच्यांना कोणी विचारले नाही, आता जगाला वाटण्याआधी तरी थोडे थांबा. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिघे सहस्वामी, तिघांची संमती हवी. हेच संभूयसमुत्थान. दोन सह्यांनी तिसऱ्याचा वाटा देता येत नाही. आम्ही तेथे थांबलो.

शंका-समाधान

आता आमच्या पत्रातील दुसऱ्या दोन दोषांचा विचार करू. ते शंकारूपाने मांडतो.

*शंका:* "आपल्या कोशापुरती परवानगी" एवढ्याने का भागत नाही?

*समाधान:* कारण तो कोश स्वतःपुरता साठवीतच नाही. तेथील मजकूर कोणीही उचलून आपल्या पुस्तकात, शाळेत, भाषांतरात वापरावा, हीच त्याची प्रतिज्ञा आहे. पाणपोईला हंडा देताना "फक्त पाणपोईवाल्यानेच प्यावे" अशी अट घालून कसे चालेल? तेथे मजकूर एका ठरावीक परवान्याखाली द्यावा लागतो. त्याचे नाव क्रिएटिव्ह कॉमन्स. श्रेयनिर्देश आणि समान परवाना या दोन अटींचा. २०२३ पासून त्याची चौथी आवृत्ती तेथे चालते. अर्थ असा की घेणाऱ्याने मूळ लेखकाचे नाव सांगावे, बदल केला असल्यास तसे म्हणावे, आणि त्यावरून जे तयार करील तेही त्याच अटींवर इतरांस मोकळे ठेवावे.

*शंका:* "विक्री करू नये" ही अट तरी सात्त्विक आहे ना?

*समाधान:* हेतू सात्त्विक आहे, पण ती अट त्या परवान्यात बसत नाही. उद्या कोणी आपले लेखन छापून वारीच्या वाटेवर विकले तर विकू द्यावे लागेल. हे मनास लागते, आम्हांसही लागले. परंतु ज्याने विकले त्यास लेखकाचे नाव घालावेच लागेल, आणि त्याचे पुस्तक दुसऱ्याने नकलून फुकट वाटले तर त्यास अडविता येणार नाही. एका दिव्यावरून दुसरा लावल्याने पहिल्याचे तेल कमी होत नाही. शिवाय लेखकाचे स्वामित्व जात नाही. तो आपले पुस्तक स्वतः छापावयास मोकळाच असतो.

*शंका:* पुढे मन बदलले तर?

*समाधान:* बदलून उपयोग नाही. हा परवाना परत घेता येत नाही. येथे चौथे विवादपद आठवावे, दत्तानपकर्म. विचार देण्यापूर्वी करावा. म्हणूनच ज्यास वाटते की आपल्या शब्दास कोणी हात लावू नये, त्याने देऊच नये. न देण्यात पाप नाही. तेथे दिलेला मजकूर दुसरे लोक कापतील, बदलतील, प्रसंगी अनावश्यक म्हणून काढूनही टाकतील. परवानगी दिली म्हणजे मजकूर राहीलच असा करार नसतो.

*शंका:* मग प्रक्षेपाचे भय नाही काय? नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले.

*समाधान:* शंका खरी आहे. म्हणून मूळ ग्रंथ आणि कोशातील लेख यांत भेद करावा. मूळ संहिता जशीच्या तशी ठेवण्यासाठी विकिस्रोत नावाचे निराळे स्थान आहे. तेथे छापील पानाशी ताडून मजकूर शुद्ध ठेवितात. कोशातील लेख हा ग्रंथ नव्हे, ती ग्रंथाची ओळख. ती सुधारत जाणार हे गृहीतच आहे.

*शंका:* कीर्तन-प्रवचन कोणी लिहून काढले तर ते कोणाचे?

*समाधान:* बोलणाऱ्याचे. सार्वजनिक भाषणाचा पहिला स्वामी वक्ता, असे कायद्याच्या सतराव्या कलमात आहे. विनोबाजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. लेखणी गुरुजींची, पण ग्रंथ विनोबांचा, हे आपण सारे जाणतो. तेव्हा भाविकांनी महाराजांचे कीर्तन मुद्रित करून, शब्द उतरवून, परस्पर कोशात घालू नये. महाराजांस विचारावे.

कृती

ज्याचे लेखन खरोखर त्याचेच आहे आणि ज्यास ते द्यावयाचे आहे, त्याने पुढीलप्रमाणे करावे. पत्र लेखकाने स्वतः, आपल्या नावाने, कोशाच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांस ईमेलने पाठवावे. संस्था असेल तर संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून, अधिकार असलेल्या व्यक्तीने पाठवावे. पत्रात पाच गोष्टी असाव्यात: मी कोण, कोणता मजकूर, नेमका कोठून कोठपर्यंत, त्याचे स्वामित्व माझे आहे ही प्रतिज्ञा, परवान्याचे पूर्ण नाव, आणि विक्री व बदल यांसह कोणासही वापर करता येईल व ही परवानगी परत घेता येणार नाही, हे आपण जाणतो असे स्पष्ट वाक्य. "आमची हरकत नाही" एवढे मोघम लिहून भागत नाही. छापून झालेला लेख असेल तर प्रकाशकाशी झालेला करार आधी काढून वाचावा. स्वामित्व लेखी दिले असेल तर ते तुमचे उरलेले नाही. लेखी काही नसेल तर सहसा तुमचेच आहे.

ज्यास हे सर्व जड वाटते त्याच्यासाठी सोपी वाट आहे, आणि बहुधा तीच उत्तम. पुस्तक वाचावे, समजून घ्यावे, मिटावे, आणि स्वतःच्या शब्दांत लिहावे. खाली ग्रंथाचे नाव व पान द्यावे. माहिती कोणाच्या मालकीची नसते. मालकी शब्दरचनेची असते. मात्र वाक्याचे दोन शब्द इकडचे तिकडे करणे म्हणजे स्वतःचे शब्द नव्हेत. क्वचित मूळ वाक्यच हवे असेल तर थोडके, अवतरणचिन्हांत, नावानिशी घ्यावे. टीकाकार मल्लिनाथाने प्रतिज्ञा केली आहे की आधारावाचून काही लिहिणार नाही आणि अप्रस्तुत काही सांगणार नाही. त्या कोशात लिहिणाऱ्याने ही प्रतिज्ञा भिंतीवर लावावी. आपले भक्तीचे विशेषणही तेथे आवरते घ्यावे. कोशात संतांची महती विशेषणांनी नव्हे, आधारांनी उभी राहते.

उपसंहार

आमच्या विद्यार्थ्याने ही दुसरी वाट धरली. हरिपाठावर त्याने स्वतः दोन पानी मजकूर लिहिला, आधारादाखल ते १९७१ चे पुस्तक पानासह दाखविले. तो मजकूर तेथे आहे. कोणीतरी त्यात एक चूक दुरुस्तही केली. मुलगा म्हणाला, "महाराज, टाइप करण्यापेक्षा हे अवघड गेलं. टीपा पहिल्यांदाच कळल्या."

आम्हांसही हुरूप आला. आमचे स्वतःचे एक टिपण होते, एकोणीस पानांचे. ते तरी देऊ म्हणून प्रतिज्ञेचा कागद पुढे घेतला. "हे लेखन सर्वस्वी माझे आहे" या ओळीपाशी हात थांबला. पाने पुन्हा वाचली. एक दृष्टांत गुरूंचा, जशाच्या तसा. पुढची तीन पाने एका छापील सार्थ ग्रंथातली, पाठ होती म्हणून उतरलेली, नाव न देता. चाळीस वर्षे कीर्तनात तेच म्हणत आलो. आपले आणि दुसऱ्याचे यांतील रेघ पुसून गेली होती. कीर्तनात परंपरेचे बोलणे हे भूषण आहे. सही करताना मात्र ते चालत नाही. आपल्या संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली. माउलींनी आपण कोणाच्या मागून चाललो ते ग्रंथाच्या शेवटी सांगितले. आणि आम्ही त्यांचे दास म्हणविणारे नाव सांगावयास विसरलो. एकोणीसपैकी सात पाने निर्मळ आमची निघाली. तेवढीच दिली. सात पाने दिल्याचे जे समाधान आहे ते एकोणिसांचे झाले नसते.

त्यानंतरच्या एकादशीस, ज्या कीर्तनात आम्ही कठोर बोललो होतो त्याच मंडळींपुढे, आमचे शब्द परत घेतले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, आणि ते बरे झाले.

परमगुरूंच्या वह्या त्यांच्या घरी आहेत. १ जानेवारी २०३२ रोजी त्या टीपा सर्वांच्या होतील. त्या दिवशी आम्ही असू वा नसू. असलो तर त्या मुलाला म्हणू, आता बस, आणि अकराही पाने सावकाश उतरव. तत्पूर्वी सुरतेच्या धाकट्या भावाचे मन वळले तर तो दिवस आधीच येईल. पण ते वळविण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. दान मागून घेता येते, ओढून घेता येत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी बासने असतील तर त्यांनी आज एवढे करावे: त्यांवर लिहिणाऱ्याचे नाव, त्याच्या मृत्यूचे वर्ष, आणि वह्या कोणाकडून आल्या, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे. पुढे देणाऱ्यास त्याचा उपयोग होईल.

रामकृष्णहरी.